रिबकामावशीची मूठ

रिबकामावशी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायची. मी भिंगारची, संडे स्कूलपासून हात जोडून डोळे घट्ट मिटायला शिकलेली. मला ते फार खटकलं. पहिल्याच आठवड्यात मी तिला तसं बोलून दाखवलं, तर चुलीवरच्या पातेल्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "बाई, डोळं मिटलं आन् दूध उतू गेलं, तर बापाला काय सांगू? त्यानंच दिल्यालं हाय न्हवं ते?"

पुढच्या दोन वर्षांत तिनं मला अशी बरीच उत्तरं दिली.

पारनेरच्या पुढे, माळावर, मिशनचं मुलींचं बोर्डिंग होतं. पत्र्याच्या दोन लांबलचक खोल्या, एक शाळा, एक स्वयंपाकघर आणि अंगणात एक विहीर. अडतीस मुली. शिकवणारी मी आणि वॉर्डनही मीच. वय तेवीस, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं याबद्दल तिळमात्र शंका नाही. स्वयंपाकघर मात्र रिबकामावशीचं. ती कुठली, तिचा नवरा कधी वारला, मूलबाळ होतं की नव्हतं, हे मला आजही धड सांगता येणार नाही. ठेंगणी, काटक बाई. गुडघे दुखायचे म्हणून डुलत चालायची. दोन्ही हातांवर तव्याच्या चटक्यांच्या खुणा. दाताला मिसरी. तिच्या मागच्या आयुष्याबद्दल विचारलं की म्हणायची, "जुनं कशापायी उकरायचं? आज काय हाय ते बोला."

'आज' हा तिचा शब्द होता. प्रभूच्या प्रार्थनेत आपण सगळेच रोजची भाकर मागतो, पण घाईघाईत मागतो आणि पुढच्या ओळीला लागतो. रिबकामावशी 'आज'पाशी थांबायची. अडतीस मुली पुढे निघून जायच्या आणि ही मागे एकटीच 'आज' म्हणत राहायची. मुलींना हसू आवरत नसे. एकदा सातवीतल्या लेआनं तिला विचारलं, "मावशी, महिन्याचं एकदम का नाही मागत? रोज रोज काय!"

"महिन्याचं मागाया त्यो काय वाणी हाय? बाप हाय. बापाकडं रोज मागावं. रोज त्येचं त्वांड बघाया मिळतं."

मागायची तीही अगदी नाव घेऊन. काडेपेटी, सुई, कंदिलाची वात. मोठमोठे शब्द तिला येत नव्हते आणि आले असते तरी तिनं ते वापरले नसते. फक्त मिसरी ती देवाकडे मागत नसे. "ती माझी खोड हाय, तिचं मी बघंन," म्हणायची.

मी रुजू झाले त्याच आठवड्यात एका सकाळी मीठ संपलं. मावशी चुलीपुढे उभी राहून म्हणाली, "बापा, मीठ सपलंय. आज मीठ लागंल. आमेन." आणि कांदा चिरायला बसली. कालवण रटरटत होतं. मी थोडा वेळ वाट बघितली. कशाची, ते माझं मलाच माहीत नाही. मग राहवेना. डोक्यावर पदर घेतला, उन्हातून गावात गेले, वाण्याकडून मिठाची पुडी आणली आणि तिच्यासमोर आपटली.

"बघा," ती म्हणाली, "आलं का न्हाई?"

"आलं काय, मावशी? मी आणलं! पायी जाऊन आणलं!"

"मंग त्यानं काय सोता यायचं का, पिशवी काखंला मारून? तुमाला धाडलं न्हाई का?"

मुली खुदखुदून हसल्या. मला खरंच राग आला. देवानं आपल्याला परस्पर हरकाम्या केलं आणि विचारलंसुद्धा नाही, हे मला काही पटलं नाही.

तिची आणखी एक रीत होती. सकाळी उठून ती पहिल्यांदा चुलीवर आधण ठेवायची. कोठीत पीठ आहे का, हे बघायच्या आधी. मी म्हणायची, आधी बघा तरी शिजवायला काय आहे. सरपण फुकट जाळू नका. त्यावर ती म्हणायची, "आधण न ठिवता मागायचं म्हंजी जेवाया बोलवायचं आन् पाट मांडायचा न्हाई. त्यो येऊन बसंल कुठं?"

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बाजरी दिसेनाशी झाली. अंगणातल्या विहिरीनं तळ दाखवला आणि मग तळही वाळला. धान्य म्हणून सरकारातून मिलो मिळू लागला, लाल रंगाचा, परदेशातून आलेला. ज्यांनी तो खाल्लाय त्यांना सांगायला नको. त्याची भाकरी थापता थापता फाटायची, तव्यावर तिचे तुकडे व्हायचे. मुली तोंडं फिरवायला लागल्या. पहिल्या दिवशी रिबकामावशीनं तवा उतरवून ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि छपराकडे बघून सरळ भांडायलाच उभी राहिली.

"बापा, ह्ये काय धाडलंस? म्या भाकर मागितली हुती. ह्येची भाकर व्हतीय का? बाजरी न्हाई दिलीस, बरं, ऱ्हाऊ दे, तुझी बी काय अडचन असंल. मंग निदान ह्येची भाकर कशी करत्यात, त्ये तरी सांग."

मी दारात उभी होते. देवाची अडचण समजून घेणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. शेजारी आधण खळखळत होतं. तिनं एकदा आधणाकडे बघितलं, एकदा परातीकडे बघितलं, आणि ते उकळतं पाणी तसंच पिठावर ओतलं. वर झाकण ठेवलं. शाळेची वेळ झाली म्हणून मी वर्गावर गेले. निवल्यावर मळलं, थापलं. भाकरी तव्यावर गेली ती अख्खी, आणि वर पापुद्रा धरून फुगली. "सांगितलं!" मावशी ओरडली. "पोरींनो, सांगितलं गं त्यानं!" ती गरम भाकरी हातावर नाचवत ती दुखऱ्या गुडघ्यांनी अंगणभर फिरली. शाळेच्या खिडकीतून आत हात घालून तिनं फळ्यासमोर उभ्या असलेल्या मला ती भाकरी दाखवली. त्या दिवशीचं गणित तिथेच राहिलं.

आता त्या मुठीबद्दल सांगते. आमच्यातल्या जुन्या बायका पीठ मळायच्या आधी एक मूठ देवाच्या नावानं बाजूला काढत आणि साठलं की चर्चला देत. रिबकामावशीनं ही रीत दुष्काळातही सोडली नव्हती, फक्त तिचा पत्ता बदलला होता. ती मूठ तुपाच्या एका रिकाम्या डब्यात जायची, वर फडकं बांधलं जायचं आणि डबा मागल्या दारी ठेवला जायचा. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बाया त्या वाटेनं जात. कोणीतरी पीठ घेऊन जाई. डबा रिकामा झाला की मावशी तो आत घेई.

एक मूठ म्हणजे तिच्या हिशेबात एकच नव्हती. मुलींच्या गटागटाचं पीठ मळताना ती दर वेळी काढायची. मी वैतागले. "मावशी, आपल्याच मुलींना पुरत नाही. त्यांच्या तोंडचं कशाला काढता?"

"ती मूठ आपली न्हाईच, बाई. त्याची हाय. त्याची त्याला दिली की आपलं मागाया त्वांड ऱ्हातं."

"आणि नेतं कोण ते?"

"म्या बघत न्हाई. घेनाराला लाज वाटाया नगं."

पाणी आम्हाला धोंडिबाच्या मळ्यातून मिळायचं. ओढ्याकाठच्या त्याच्या विहिरीला तेवढं पाणी टिकलं होतं. धोंडिबा माणूस रागीट, पण मी विनंती केल्यावर रोजचं पाणी द्यायला त्यानं हो म्हटलं. रिवाज मात्र ठरलेला होता. आमच्या मुलींनी विहिरीच्या काठावर चढायचं नाही. घागरी खाली मांडून लांब उभं राहायचं. त्याचा गडी वरून पाणी ओतायचा. हे असं का, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मीही बोलले नाही. पाणी मिळतंय ना, असं म्हणून गप्प बसले आणि त्याची मला आजही लाज वाटते.

एक दिवस पाण्याला गेलेल्या लेआला गावातल्या बायकांनी सहज विचारलं, तुमच्या बोर्डिंगात काय चाललंय? लेआ अभिमानानं म्हणाली, "आमची मावशी रोज सकाळी देवाचं नाव घेऊन मूठ काढती."

झालं! आमच्या लेखी मूठ म्हणजे पिठाची. गावाच्या लेखी मूठ म्हणजे मंतरून मारतात ती. मग कोणी मागच्या खिडकीतून डोकावलं. रिबकामावशी चुलीपुढे उभी, डोळे टक्क उघडे, ओठ पुटपुटताहेत, मुठीत काहीतरी लाल, आणि ते लाल डब्यात घालून वर फडकं बांधतेय. ख्रिस्ती लोक डोळे मिटून प्रार्थना करतात हे गावाला ठाऊक होतं. ही मिटत नाही, म्हणजे हे प्रकरण वेगळं. त्याच आठवड्यात धोंडिबाचा एक बैल बसला तो उठलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली रिकाम्या घागरी घेऊन परत आल्या. गड्यानं सांगितलं होतं, "मूठ मारनाऱ्या बाईला आमच्या हिरीचं पानी न्हाई."

माझ्या टेबलाच्या खणात मिशनच्या नगरच्या ऑफिसचं पत्र होतं. पाण्याची सोय होत नसेल तर मुलींना घरी पाठवा आणि बोर्डिंग बंद करा. धोंडिबाच्या पाण्याच्या भरवशावर मी ते चार दिवस दाबून ठेवलं होतं. आता दाबण्यात अर्थ नव्हता. मी मुलींना वळकट्या बांधायला सांगितल्या. लेआ कोठीच्या मागे जाऊन रडत बसली. सातवीची परीक्षा दीड महिन्यावर आली होती आणि त्यांच्या वस्तीतली सातवीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. आईबाप तलावाच्या कामावर खडी फोडत होते. घरी गेली की हातात हातोडा येणार आणि पाटी सुटणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. त्यात 'माझ्यामुळंच झालं' हे तिनं मनाला लावून घेतलेलं.

मी स्वयंपाकघरात गेले. बोर्डिंगात शेवटची एक घागर पाणी उरलं होतं. ते रिबकामावशी पातेल्यात ओतत होती.

"मावशी! अहो, प्यायला थेंब नाही आणि तुम्ही आधण ठेवताय?"

"येळ झाली न्हवं?"

"कसली वेळ? पाणी बंद झालंय! मुली घरी चालल्यात!"

"तुमी वळकट्या बांधल्या. म्या आधण ठिवलं. बघू त्यो कुनाचं ऐकतो." तिनं परात घेतली, पीठ घेतलं, मूठ काढून डब्यात टाकली, फडकं बांधलं. मग म्हणाली, "बापा, आज पानी. बाकीचं तुला म्हाईत. आमेन."

मी चिडून रडायला लागले. ते आधी सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात माझी मर्दुमकी काही नाही.

मागल्या दारी गलका झाला. धोंडिबा आला होता, बरोबर आठ-दहा माणसं, आणि कामावर निघालेल्या बाया पाट्या डोक्यावर घेऊन थबकलेल्या. "काढ ती मूठ भाईर," तो ओरडला. "आत्ताच्या आत्ता वड्यात न्हेऊन पुरायची हाय."

रिबकामावशीनं डबा आणून त्याच्यासमोर धरला आणि फडकं सोडलं. आतलं लाल बघून माणसं मागं सरली. मावशीनं त्यातली चिमूट उचलली, तोंडात टाकली आणि चावत उभी राहिली.

"मिलोचं पीठ हाय," ती म्हणाली.

"मंग फडकं बांधून येगळं कशापायी ठिवतीस? देवाचं नाव घिऊन?"

"त्याच्या नावानं काढते म्हनून. ज्येला भूक आसंल त्यो न्हेतो."

"कोन न्हेतं? नाव सांग."

मावशीनं डबा छातीशी धरला. मी तिच्या कानाशी लागले, "सांगा ना, मावशी! कोणीही असेल, नाव सांगा आणि मोकळ्या व्हा." तिनं मान हलवली.

"म्या बघत न्हाई. आन् बघितलं असतं तरी सांगितलं नसतं."

"सांगाया हायच काय! करनीच हाय ही!" धोंडिबानं डब्याला हात घातला. मावशीनं डबा सोडला नाही. घागरी गेल्या, बोर्डिंग गेलं, आता ह्या बाईला मारतात की काय, असं मला वाटलं.

तेवढ्यात थबकलेल्या बायांतून एक पुढे आली. हडकलेली, कडेवर पोर. "दादा, सोड," ती म्हणाली. "ती मूठ मी खाते."

धोंडिबानं वळून बघितलं. ती त्याची सख्खी बहीण भागू. नवऱ्यामागं दोन पोरं घेऊन जामखेडकडून कामाला आली होती आणि कामावरच झोपडीत राहत होती.

"तू?"

"मी आन् माझी पोरं. महिना झाला. रोज सकाळी हितनं न्हेते, लापशी करून पाजते."

"मी इचारलं तवा तूच म्हनलीस, बरं चाललंय!"

"मंग काय म्हनू? तुझ्याच घरात वढातान हाय. तुझ्या दारात हात पसराया जीव धजला न्हाई. ह्या मावशीनं कवा त्वांड बी बघितलं न्हाई माझं."

धोंडिबाचा हात अजून डब्यावर होता. त्यानं तो आत घातला, चिमूटभर पीठ घेतलं आणि जिभेवर ठेवलं. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. त्या माणसाला मी त्याआधी कधी खाली मान घालून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"धोंडिबा, आधण उकळलंय," रिबकामावशी म्हणाली. "बसा. भाकर टाकते."

तो बसला नाही. त्यानं भागूच्या कडेवरचं पोर आपल्या खांद्यावर घेतलं आणि वळून चालू लागला. भागू त्याच्या मागून गेली.

मावशीनं त्या आधणात पीठ मळलं आणि भाकऱ्या केल्या. मुलींनी त्या कोरड्या घशानं खाल्ल्या. वळकट्या दारात तशाच. मी मनात म्हणत होते, बाई सुटली हे खरं, पण पाणी कुठं आलं? लेआच्या परीक्षेचं काय? मावशी तवा खरवडत होती आणि मला ऐकू येईल इतक्या जोरात म्हणत होती, "अजून आजचा दीस हाय. मावळला न्हाई."

दुपारी धोंडिबाचा गडी आला. "पोरींना घागरी घिऊन धाडा म्हनलंय."

आम्ही सगळ्याच निघालो. मावशीसुद्धा, गुडघे धरत. मुलींनी नेहमीप्रमाणे घागरी खाली मांडल्या आणि लांब उभ्या राहिल्या. पण विहिरीवर कोणी नव्हतं. गडी आमच्याबरोबर आला तो परस्पर गोठ्याकडे गेला. धोंडिबा बाभळीखाली आमच्याकडे पाठ करून बसला होता.

"पाणी कोण ओतणार?" मी विचारलं.

"कोन न्हाई," तो तसाच पाठमोरा म्हणाला. "दोर हाय, पोहरा हाय. काढा."

आधी आम्हाला कळलंच नाही. मग रिबकामावशीनं लेआच्या पाठीवर थाप मारली. "जा की गं! मूठ तुज्याच तोंडातून निघाली हुती. पानी बी तूच काढ."

लेआ काठावर चढली. तिनं दोर हातात घेतला. पोहरा खाली गेला, खोलवर 'धप्प' आवाज झाला, आणि तिनं ओढायला सुरुवात केली. पोहरा वर आला तो काठोकाठ. ते पाणी तिनं स्वतःच्या हातानं स्वतःच्या घागरीत ओतलं. कोणीतरी गाणं धरलं, मग सगळ्यांनी. अडतीस मुलींनी आळीपाळीनं पाणी काढलं, निम्मं सांडलं, अंगावर घेतलं, हसल्या, ओरडल्या. धोंडिबानं मागं वळून बघितलं नाही आणि हूं की चूंही केलं नाही. मी पदरात तोंड घालून रडले, या वेळी आनंदानं. येताना रिबकामावशी डोक्यावर घागर घेऊन सगळ्यांच्या पुढे डुलत चालली होती. मला म्हणाली, "म्या तर आजचं पानी मागितलं हुतं, बाई. ह्यो बाप लई जास्ती देतो. मापच न्हाई त्याला!"

वळकट्या सुटल्या. ऑफिसला मी एका ओळीचं उत्तर लिहिलं, पाण्याची सोय झाली आहे. लेआ सातवी पास झाली. आणि पुढच्या वर्षी पाऊस झाल्यावर धोंडिबाच्या मळ्यातून नवी बाजरी आली. पोतं स्वयंपाकघराच्या मागल्या दारी उतरवून गडी म्हणाला, "मालक म्हनलं, ह्ये बोर्डिंगाचं न्हाई. मुठीचं हाय."

त्यानंतर लवकरच माझी भिंगारला बदली झाली. निघायच्या सकाळी मावशी मला फाट्यापर्यंत पोचवायला आली. पारनेरचा बाजार होता. एसटी खच्चून भरून येणार हे दिसतच होतं. मी हसत हसत म्हटलं, "मावशी, माझ्यासाठी काय मागणार? सुख, समाधान, लांब आयुष्य?"

"आज एसटीत जागा," ती म्हणाली, आणि तिथेच, रस्त्यात, डोळे उघडे ठेवून तिनं ती मागितली. शेजारचे लोक बघत राहिले.

एसटी आली. माणसं दारात लोंबत होती. मी ट्रंक आत ढकलली आणि कशीबशी चढले. कंडक्टर ओरडत होता. कोणाचा तरी कोपर माझ्या बरगडीत, कोणाची तरी कोंबडी माझ्या पायाशी. आणि दांडीला धरून मी उभी राहते न राहते तोच खिडकीजवळचा एक पागोटंवाला म्हातारा उठला. "बसा बाई, म्या फुडल्या फाट्याला उतरनार हाय."

मी बसले. हे मावशीला दाखवायलाच हवं, म्हणून घाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हात उंच केला. ती बोर्डिंगच्या वाटेवर बरीच लांब गेली होती. पाठमोरी, डुलत, झपाझप; मुलींच्या आधणाची वेळ झाली होती. मी हाक मारली. एसटीच्या आवाजात ती तिला ऐकू गेली नसावी. मला ती दिसली ती तेवढीच, शेवटची. मला जागा मिळाली का, हे बघायला ती थांबलीच नव्हती.